पेस्टालोझी आणि लहान मुलांचें अंकगणित

ज्याला हिशेब येतो त्याला तो शिकवितांहि येतो, अशी समजूत पुष्कळ काळ रूढ होती. मुलानें अंक घोकावे, पाढे म्हणावे आणि गुरुजींनीं छडी घेऊन ऐकावें, याहून निराळें कांहीं करावयाचें असतें असें फारसें कोणास वाटत नसे. ही समजूत ज्यांनीं मोडली, त्यांत स्वित्झर्लंडमधील योहान हाइन्रिख पेस्टालोझी याचें नांव अग्रभागीं आहे. विशेष हें कीं, शिकविण्याची ही कला तो मुलांपुढें उभा राहून, मुलांकडूनच शिकला.

त्याचा जन्म झुरिक येथें १७४६ सालीं झाला. शेतीचा व्यवसाय फसला. नॉयहोफ येथें गरीब मुलांसाठीं काढलेली शाळाहि १७८० च्या सुमारास बंद पडली. पुढें 'लीनहार्ट आणि गर्ट्रूड' या कादंबरीनें त्याला कीर्ति मिळाली. तींतील गर्ट्रूड ही खेड्यांतील आई. ती मुलांकडून सुताचे धागे मोजून घेते, खोलीची लांबी पावलांनीं मोजविते. पण कागदावरील मुलें लेखकाचें ऐकतात. वर्गांतील मुलें ऐकतीलच असें नाहीं.

ती कसोटी लौकरच आली. १७९८ सालीं फ्रेंच सैन्यानें निडवाल्डन प्रांतांत कत्तल केली व शेंकडों मुलें निराधार झालीं. त्यांच्याकरितां स्टान्स येथील मठांत जानेवारी १७९९ मध्यें आश्रम उघडला. सुमारें ८० मुलें, एक घरकाम करणारी बाई आणि ५३ वर्षांचा पेस्टालोझी, एवढाच संसार. पुस्तकें नव्हतीं, साधनें नव्हतीं. एकट्याच्यानें सर्वांस शिकविणें होईना, म्हणून ज्याला थोडें आलें त्यानें शेजाऱ्याला शिकवावें, अशी रीत पडली. जूनमध्यें जागा लष्करी इस्पितळासाठीं गेली आणि आश्रम मोडला.

त्याच वर्षीं बुर्गडोर्फ येथें पांच ते आठ वर्षांच्या मुलांचा वर्ग त्याला मिळाला. तेथें एक गोष्ट त्याच्या मनांत पक्की झाली. '३' ही आकृति ओळखणारें मूल 'तीन' जाणतेंच असें नाहीं. म्हणून त्यानें अंक दूर ठेवून वाटाणे, खडे व बोटें जवळ केलीं. एक खडा ठेवून 'किती?' म्हणून विचारावें, आणखी एक ठेवून पुन्हां विचारावें. मग खड्यांऐवजीं पाटीवर रेघा काढाव्या, आणि अंकाची खूण सर्वांच्या शेवटीं यावी, असा हा क्रम होता. तेथील एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. वर्गांत खिडकीचें चित्र दाखविलें असतां एका मुलानें विचारलें कीं, खरी खिडकी समोर असतां चित्र कशाला? पेस्टालोझीनें मुलाचें म्हणणें मान्य केलें.

पुढें १८०३ सालीं हा अनुभव पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला. त्यांत एकंचा एक तक्ता होता. त्यांत दहा ओळी व प्रत्येक ओळींत दहा चौकोन. पहिल्या ओळीच्या प्रत्येक चौकोनांत एक रेघ, दुसऱ्या ओळीच्या चौकोनांत दोन, याप्रमाणें दहापर्यंत. बेरजेपासून भागाकारापर्यंत सर्व कांहीं यांतून डोळ्यांस दिसावें, हा हेतु. परंतु येथेंच दैवानें चमत्कार केला. घोकंपट्टी घालविण्यासाठीं काढलेला तक्ताच मुलें एका सुरांत घोकूं लागलीं! रेघा होत्या तशाच राहिल्या, 'किती?' हा प्रश्न मात्र हरपला.

याची दुसरीहि बाजू आहे. त्याच्या इव्हर्डन येथील विद्यालयांत १८१४ सालीं याकोब स्टायनर नांवाचा १८ वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा आला. तो पुढें बर्लिन येथें प्राध्यापक झाला व थोर भूमितिज्ञ म्हणून गाजला. सिद्धांत नुसता मान्य न करितां त्याचें मूळ शोधण्याची संवय आपणांस इव्हर्डन येथें लागली, अशा आशयाचें त्यानें लिहून ठेविलें. म्हणजे एकाच पद्धतीखालीं कोठें पाठांतर वाढलें, तर कोठें जिज्ञासा जागी झाली.

विद्यालय १८२५ सालीं बंद पडलें व १८२७ सालीं पेस्टालोझी वारला. त्याचे तक्ते आज कोणी वापरीत नाहीं, पण मण्यांनीं व खड्यांनीं गणिताचा आरंभ करणारी प्रत्येक बालशाळा त्याची ऋणी आहे. एका शिक्षकाचा तक्ता दुसऱ्यास देतां येतो. तो तक्ता ज्या निरीक्षणांतून निघाला, तें मात्र ज्यानें त्यानें आपल्या वर्गांतच मिळवावें लागतें.