अमेरिकेच्या यादवीतला घोडेस्वार पूर्वज शोधायचा कसा?

३१ मे २०२० रोजी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात आयरीन ट्रिपलेट या ९० वर्षांच्या बाईंचं निधन झालं. त्यांना सरकारकडून दरमहा ७३ डॉलर १३ सेंट पेन्शन मिळत होती. पेन्शन होती १८६५ साली संपलेल्या युद्धाची! वडील मोझ ट्रिपलेट यांचा जन्म १८४६ चा. आयरीन जन्मल्या तेव्हा वडिलांचं वय ८३ होतं. अपंगत्वामुळे सैनिकाचं अपत्य म्हणून ही पेन्शन त्यांना शेवटपर्यंत मिळाली. अमेरिकन यादवी युद्धाच्या पेन्शनचं खातं त्यांच्या निधनाने बंद झालं.

गंमत म्हणजे हे मोझ ट्रिपलेट दोन्ही बाजूंच्या दप्तरात सापडतात. १८६२ मध्ये ते दक्षिणेच्या पायदळात भरती झाले. १८६३ च्या जूनमध्ये आजारी पडून इस्पितळात दाखल झाले आणि तिथून पळाले. १८६४ मध्ये ते उत्तरेच्या ३ री नॉर्थ कॅरोलायना माउंटेड इन्फंट्रीत, म्हणजे घोड्यावरून जाणाऱ्या पायदळात दाखल झाले. एक दप्तर त्यांना पळपुटा म्हणतं, दुसरं पेन्शन देतं. घरात नुसतं ‘आजोबा युद्धात होते’ एवढंच सांगितलं गेलं असतं, तर यातलं काहीच कळलं नसतं.

बेळगाव, गोवा, वडोदरा, इंदूरकडच्या कितीतरी घरांतली मुलं अमेरिकेत स्थायिक झाली, तिथल्याच सुना-जावई घरात आले. नातवंडं वंशवृक्ष काढायला बसली की एका बाजूला कुलवृत्तांत असतो, आणि दुसऱ्या बाजूला ‘खापरपणजोबा सिव्हिल वॉरमध्ये घोडदळात होते’ असं एक ऐकीव वाक्य. त्या वाक्यापासून कागदापर्यंत कसं पोचायचं, त्याची ही माहिती.

आधी बाजू ठरवा

हे युद्ध एप्रिल १८६१ ते १८६५ असं चाललं. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेची राज्ये एका बाजूला आणि संघराज्याचं सरकार, म्हणजे उत्तर, दुसऱ्या बाजूला. दोघांची दप्तरं वेगळी, पेन्शनचे नियमही वेगळे. त्यामुळे पहिला प्रश्न, माणूस कुठल्या बाजूने लढला?

राहण्याच्या गावावरून अंदाज बांधू नये. केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना इथली माणसं दोन्हीकडे होती. ‘१ ली केंटकी कॅव्हलरी’ या नावाची रेजिमेंट तर उत्तरेकडेही होती आणि दक्षिणेकडेही. तसंच ‘१ ली व्हर्जिनिया’ आणि ‘१ ली वेस्ट व्हर्जिनिया’ यांत एका शब्दाचा फरक, पण त्या समोरासमोरच्या फौजा.

नावापेक्षा रेजिमेंट महत्त्वाची

अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने दोन्ही बाजूंच्या सैनिकांची यादी इंटरनेटवर मोफत ठेवली आहे. तिच्यात ६३ लाखांच्या आसपास नावं आहेत. प्रत्यक्षात सैनिक इतके नव्हते. एकच माणूस दोन रेजिमेंटमध्ये असेल किंवा कारकुनाने दोन तऱ्हांनी नाव लिहिलं असेल, तर तो दोनदा येतो. शिवाय जॉन स्मिथ, विल्यम जॉन्सन अशी नावं शेकड्यांनी. आपल्याकडे सातबारावर नुसतं ‘मारुती पाटील’ शोधण्यासारखंच ते.

म्हणून तीन गोष्टी एकत्र लागतात: राज्य, रेजिमेंटचा क्रमांक आणि कंपनी. ‘७ वी इलिनॉय कॅव्हलरी, कंपनी सी’ एवढं हाती आलं की निम्मं काम झालं. उत्तरेच्या घोडदळ रेजिमेंटमध्ये सहसा १२ कंपन्या असत, ए पासून एम पर्यंत. मध्ये ‘जे’ नसे, कारण हस्ताक्षरात आय आणि जे सारखेच दिसत. कुणी ‘कंपनी जे’ म्हणून सांगितलं तर मूळ कागद पुन्हा बघायला हवा.

रेजिमेंटच्या नावात राज्य नसून नुसतं ‘यू. एस. कॅव्हलरी’ असेल, तर तो कायमच्या सैन्यातला माणूस. अशा १ ते ६ रेजिमेंट होत्या. त्यांच्या शिपायांची नोंद स्वयंसेवकांच्या फायलीत मिळत नाही, ती भरतीच्या वेगळ्या रजिस्टरात असते.

शिलेदार की बारगीर?

हा फरक मराठी वाचकाला लगेच समजेल. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. अमेरिकेतही जवळपास तसंच होतं. दक्षिणेचा स्वार स्वतःचा घोडा आणायचा. सरकार त्याला घोड्याच्या वापराबद्दल दिवसाला ४० सेंट द्यायचं. उत्तरेच्या बहुतेक स्वारांना घोडा सरकारी मिळे. त्यासाठी १८६३ मध्ये वेगळं कॅव्हलरी ब्युरो हे खातंही काढलं गेलं.

शोध घेताना याचा थेट उपयोग होतो. दक्षिणेच्या स्वाराच्या फायलीत अनेकदा घोड्याची आणि खोगिराची ठरवलेली किंमत सापडते. लढाईत घोडा मेला तर भरपाई मिळायची, पण दुसरा घोडा माणसानेच उभा करायचा. नाही जमलं तर रवानगी पायदळात. त्यामुळे घोडदळातला पूर्वज १८६४ नंतर अचानक दिसेनासा झाला, तर तो मेला असंच धरू नये. पायदळाच्या याद्याही तपासाव्यात.

सेवेची नोंद: रोजकीर्दीवरून खतावणी

मूळ कागद म्हणजे कंपनीचा हजेरीपट. साधारण दर दोन महिन्यांनी तो भरला जाई. युद्धानंतर पेन्शनचे अर्ज वाढले, आणि प्रत्येक वेळी सगळे हजेरीपट चाळणं अशक्य झालं. मग युद्धखात्याने हजेरीपट, इस्पितळाची रजिस्टरं, कैद्यांच्या याद्या यांतून प्रत्येक सैनिकाच्या नावाने वेगवेगळी कार्डं उतरवून घेतली. रोजकीर्दीवरून खतावणी करतात तसंच. एका माणसाची सगळी कार्डं एका लिफाफ्यात. ही सेवा-नोंद वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहे आणि तिची प्रत मागवता येते. दक्षिणेच्या सैनिकांच्या नोंदी इंटरनेटवरही आल्या आहेत.

तिच्यात वय, भरतीचं ठिकाण, हजर-गैरहजर, जखम, कैद, सुटका हे मिळतं. आईवडील आणि बायकामुलांची नावं मात्र सहसा मिळत नाहीत. बरेच जण इथेच थांबतात आणि ‘काही विशेष मिळालं नाही’ म्हणून सोडून देतात.

कुटुंब सापडतं ते पेन्शनच्या फायलीत

उत्तरेच्या सैनिकांना १८६२ च्या कायद्याने युद्धातल्या जखमेबद्दल किंवा आजाराबद्दल पेन्शन मिळू लागली. मृत सैनिकाच्या विधवेलाही ती होती. १८९० च्या कायद्याने निकष सैल झाले. किमान ९० दिवस नोकरी आणि कामाला असमर्थ असणं एवढं पुरे झालं, अपंगत्व युद्धातलंच असायला हवं ही अट गेली. १९०७ पासून वय ६२ झालं की वयावरच पेन्शन मिळू लागली.

अर्ज केला की पुरावा आला. विधवेला लग्न सिद्ध करावं लागे, मुलांच्या जन्मतारखा द्याव्या लागत. शेजारी, जुने सोबती, दाई यांची प्रतिज्ञापत्रं जोडली जात. घोड्यावरून पडून झालेली दुखापत डॉक्टर तपासून लिहीत. कधी कुटुंबाच्या बायबलमधलं जन्ममृत्यूचं पानच फाडून फायलीत लावलेलं असतं. म्हणून सैनिकाच्या नावाने काही मिळालं नाही तर विधवेच्या नावाने शोधावं. तिने दुसरं लग्न केलं असेल तर त्या आडनावानेही पाहावं.

दक्षिणेच्या सैनिकांना केंद्र सरकारची पेन्शन नव्हती. ती दक्षिणेतल्या राज्यांनी आपापल्या तिजोरीतून दिली. इथे एक गोष्ट हमखास चुकते. अर्ज जिथून लढला त्या राज्यात नसतो, म्हातारपणी जिथे राहिला त्या राज्यात असतो. जॉर्जियाच्या रेजिमेंटचा स्वार पुढे टेक्सासला गेला असेल तर फाईल टेक्सासात शोधायची.

गुलामीतून आलेले स्वार

कृष्णवर्णीय सैनिकांच्याही घोडदळ रेजिमेंट होत्या: १ ते ६ यू. एस. कलर्ड कॅव्हलरी आणि ५ वी मॅसॅच्युसेट्स. ३ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेची राजधानी रिचमंड पडली, तेव्हा शहरात शिरलेल्या पहिल्या तुकड्यांत ही ५ वी मॅसॅच्युसेट्स होती. ऑक्टोबर १८६४ मध्ये सॉल्टव्हिलच्या लढाईनंतर ५ व्या कलर्ड कॅव्हलरीच्या जखमी सैनिकांना दक्षिणेच्या लोकांनी ठार मारलं.

या घरांसाठी शोध फार कठीण. १८६० च्या खानेसुमारीत गुलामांची नावंच नाहीत. मालकाच्या नावाखाली नुसतं वय, लिंग आणि वर्ण. स्वतंत्र झालेल्यांची नावं बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा दिसतात ती १८७० च्या खानेसुमारीत. सैन्याची नोंद या दोन सालांमधला पूल ठरते. केंटकी, मेरीलँड, मिसुरीसारख्या राज्यांत सरकारशी एकनिष्ठ मालकाला भरती झालेल्या गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत भरपाई मागता येत असे. तो दावा सैनिकाच्या फायलीत असेल तर मालकाचं नाव कळतं, आणि त्या मालकाच्या मृत्युपत्रात, खरेदीखतांत आईचं, भावंडांचं नाव सापडू शकतं. माणसांची नोंद मालमत्तेत शोधावी लागते हे वाचताना जड जातं, पण अनेक कुटुंबांना दुसरी वाट नाही.

खानेसुमारी आणि कबर

रेजिमेंट माहीत नसेल तर उलट्या बाजूने यावं. १९१० च्या खानेसुमारीत एक रकाना खास होता: यू. ए. म्हणजे उत्तरेचं सैन्य, सी. ए. म्हणजे दक्षिणेचं सैन्य, आरमारासाठी यू. एन. आणि सी. एन. ही अक्षरं. १८९० मध्ये उत्तरेच्या माजी सैनिकांची आणि विधवांची स्वतंत्र गणती झाली होती, पण वर्णानुक्रमे केंटकीच्या आधीच्या बहुतेक राज्यांचे कागद नष्ट झाले.

कबरीचा दगडही बोलतो. सरकारी दगडावर कोरीव ढाल असेल तर उत्तरेचा, वरचं टोक निमुळतं असेल तर दक्षिणेचा. त्यावर बहुधा कंपनी आणि रेजिमेंट असते. दगडाचा फोटो मागवला तरी काम होतं.

जुळवल्याशिवाय झाड पुढे नेऊ नये

एका कागदावर नाव जुळलं म्हणून तो आपलाच पूर्वज होत नाही. वय, गाव आणि बायकोचं नाव यांपैकी किमान दोन गोष्टी जुळायला हव्यात. न जुळणारी नोंद वेगळी ठेवावी, फेकू नये.

शेवटी जे हाती लागेल ते घरच्यांना आवडेलच असं नाही. ज्याला आपण शूर स्वार समजत होतो तो पळून गेलेला निघेल. कुणाचा पूर्वज गुलामगिरी टिकवणाऱ्या फौजेत असेल, आणि त्याच वंशवृक्षाच्या दुसऱ्या फांदीवर गुलाम असलेला माणूस सापडेल. वंशवृक्षात सोयीचं तेवढंच लिहिलं तर पुढच्या पिढीला पुन्हा ऐकीव वाक्यापासून सुरुवात करावी लागेल. त्यामुळे मुलांच्या वहीत नावासोबत रेजिमेंट, कंपनी आणि ती माहिती कुठल्या कागदावरून घेतली हे तिन्ही लिहून ठेवायला लावावं.