मलंगगडावरचे गुरू-चेले आणि दत्तकाचा कागद

अंबरनाथ तालुक्यातला मलंगगड बातम्यांत येतो तो बहुतेक दर्गा की समाधी या वादापुरता. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या माणसाला गडाची आणखी एक ओळख आहे. माघ पौर्णिमेला हाजी मलंगबाबांच्या उरुसात हिजडा समाजाचे लोक दुरून दुरून येतात. त्यांच्यात गुरू आईच्या जागी असतो, चेले लेकींच्या जागी आणि एकाच गुरूचे चेले एकमेकांचे गुरुभाई. रक्ताचे नाते नसते, पण आजारपण, म्हातारपण, मयत, सगळे याच नात्यांत निभावले जाते.

समलिंगी जोडप्यांना मूल वाढवता येईल का, आई-बाप म्हणून ती सुखाने राहतील का, असे हल्ली विचारले जाते, तेव्हा मला हे गुरू-चेले आठवतात. हिजडा असणे आणि समलिंगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली स्वतःच्या ओळखीची, दुसरी प्रेम कोणावर जडते याची. पण कायद्याने दोघांनाही एकाच काठीने हाकलले.

मराठा राजवटीत हिजड्यांना सनदा मिळत. काही ठिकाणी भिक्षेचा हक्क होता, काही ठिकाणी इनाम जमीन, आणि हा वारसा गुरूकडून चेल्याकडे जाई. म्हणजे या नात्याला दरबारी कागद होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईच्या इंग्रज सरकारने हा वारसा मानणे बंद केले. पुढे 1860 च्या दंडसंहितेत कलम 377 आले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने उत्तर हिंदुस्थानात हिजड्यांची नोंदवही सुरू केली. नोंद झालेल्याला सोळा वर्षांखालील मुलगा घरात ठेवता येईना. त्याला अज्ञानाचा पालक होण्याचा, मृत्युपत्राचा, बक्षीसपत्राचा आणि मुलगा दत्तक घेण्याचाही अधिकार उरला नाही. कोणाला कुटुंब असावे आणि कोणाला नसावे, हे सरकारने कलमांत लिहून टाकले.

आपल्या, म्हणजे मुस्लिम वाचकांच्या, ओळखीची बाजू पुढे आहे. सूरह अहजाबमध्ये मानलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारायला सांगितले आहे. त्यामुळे यतीमाला सांभाळणे मोठे पुण्य, पण दत्तकाला मुस्लिम वैयक्तिक कायद्यात मान्यता नाही. मुस्लिम जोडपे 1890 च्या कायद्याने फक्त पालक होऊ शके. मूल सज्ञान झाले की कागदावरचे नाते संपे. वारसाहक्कही नाही. शबनम हाश्मी यांनी याविरुद्ध याचिका केली, आणि 19 फेब्रुवारी 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती दत्तक घेऊ शकते. ज्याला वैयक्तिक कायदा पाळायचा आहे, त्याच्यावर सक्ती नाही.

कलम 377 ची समलिंगींवरची टांगती तलवार 6 सप्टेंबर 2018 ला गेली. पण 17 ऑक्टोबर 2023 च्या सुप्रियो खटल्यात दत्तकाचे दार उघडले नाही. याचिकाकर्त्यांपैकी पार्थ फिरोझ मेहरोत्रा आणि उदय राज आनंद हे दोघे मिळून दोन मुले वाढवत होते, पण दोन्ही मुलांचे कायदेशीर बाप दोघेही होऊ शकत नव्हते. 2022 च्या नियमांनुसार जोडप्याला दत्तक हवे तर दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक नाते लागते. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांना ही अट समलिंगींवर अन्यायकारक वाटली. उरलेल्या तिघांनी ती कायम ठेवली. म्हणजे एकट्याने दत्तक घ्यायचे, आणि त्याच घरात त्याच मुलाला रोज शाळेत सोडणारा दुसरा माणूस कायद्याने परका.

राहिला सुखाचा प्रश्न. अमेरिकेत शार्लट पॅटरसन यांनी 1990 च्या दशकात मुले वाढवणाऱ्या स्त्री जोडप्यांचा अभ्यास केला. ती जोडपी आपल्या नात्यात समाधानी होती. मुलाचे करणे दोघींनी जितके सारखे वाटून घेतले, तितके समाधान जास्त. हे आपल्या घरांनाही लागू आहे. संसारातली कुरबूर बहुतेक वेळा कामाच्या वाटणीवरून असते, प्रेमाच्या जातीवरून नाही.

फिकहची समलिंगी संबंधांबद्दलची पारंपरिक भूमिका कडक आहे, हे मी झाकत नाही. त्यावर आपले आलिम बोलतील. मी बोलतोय ते घरात आधीच वाढणाऱ्या मुलाबद्दल. कागदावरची एकुलती आई उद्या गेली, तर दुसरी आई हयात असून ते मूल कायद्याने यतीम. पालक आहात पण आई-बाप नाही, हे वाक्य कचेरीत ऐकणे काय असते, हे आपल्या समाजातल्या कित्येक घरांना माहीत आहे. यतीमाचा हक्क सांगणाऱ्या उम्मतीने निदान या मुलाच्या बाजूने उभे राहायला हवे.