आईचं पत्र



घरातलं कुणी गेलं की आपण 'सद्गती लाभो' म्हणतो. ती भावना असते, बातमी नव्हे. जीव कुठल्या गतीत गेला हे सांगणं आपल्या सामान्य ज्ञानाच्या पलीकडचं. पण गेलेल्यांची बातमी आणून देणारेही भेटतात. "मनाला आधार मिळतो ना, मग खरं-खोटं कशाला बघायचं?" असं आपल्यातल्याच काहीजणी विचारतात. त्यांच्यासाठी ही शंभर वर्षांपूर्वीची अमेरिकेतली हकिगत.

हॅरी हुडिनी हा बेड्या-कुलपांतून सुटून दाखवणारा जगप्रसिद्ध जादूगार. आईवर त्याचा फार जीव. १९१३ मध्ये ती गेली तेव्हा तो युरोपात होता, शेवटची भेट झालीच नाही. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉइल त्याचे स्नेही. त्यांचा तरुण मुलगा १९१८ मध्ये गेला होता. महायुद्धानं घरोघरची मुलं नेली होती, आणि मृतांशी बोलता येतं असं मानणाऱ्यांत डॉइल आघाडीवर होते.

जून १९२२ मध्ये अटलांटिक सिटीत डॉइल यांच्या पत्नी हातात पेन्सिल घेऊन बसल्या. हुडिनीची आई त्यांच्या हातून लिहिते आहे असं म्हणत त्यांनी पंधराएक पानं भरली. मजकूर मायेनं ओथंबलेला. पण पहिल्याच पानावर क्रूस, आणि भाषा इंग्रजी. त्याची आई ज्यू धर्मगुरूची पत्नी, आणि इंग्रजी तिला जवळजवळ येत नव्हतं!

माझ्या आजीचं म्हणून कुणी तमिळमधलं पत्र हातात ठेवलं, तर मी ते कपाटात जपून ठेवीन का?

हुडिनी तिथे काही बोलला नाही. डॉइलबाई लबाड नाहीत हे त्याला ठाऊक होतं. डॉइलना वाटलं, याला पटलं. पुढे त्यानं आपलं मत छापून सांगितलं आणि मैत्री तुटली. डॉइल यांच्याकडे उत्तरं तयार होती: क्रूस त्या नेहमीच काढतात, आणि परलोकात भाषेचा अडसर नसतो. असल्या उत्तरांना शेवट नसतो. मला मात्र हुडिनीचं पटतं. तो दिलासा घ्यायचा तर त्याला आईची भाषा आणि तिचा धर्म दोन्ही पुसून टाकावे लागले असते. मग उरली असती ती कोण?

त्यानंतर तो वेष पालटून बैठकांना जायचा आणि शोकातल्या लोकांकडून पैसे उकळणाऱ्यांना उघडं पाडायचा. तेव्हा कळतं, एकीच्या निर्मळ श्रद्धेच्या सावलीत किती दुकानं चालतात.

१९२६ मध्ये हुडिनी गेला. जमलं तर निरोप पाठवीन, असं त्यानं पत्नी बेसला सांगितलं होतं, आणि खूण म्हणून दोघांनी सांकेतिक शब्द ठरवले होते. ती त्याच्या स्मृतिदिनी वाट पाहत राहिली. १९३६ मध्ये शेवटची बैठक झाली. निरोप आला नाही. त्याच्या तसबिरीपाशी ठेवलेला दिवा तिनं स्वतः मालवला.