पोतं आत जाताना बघा

सोमवार, २५ मे १८५७. फिलाडेल्फिया, चेस्टनट स्ट्रीट. सकाळचे नऊ वाजायचेत आणि तुम्ही रांगेत अडकलात. पुढचा हलत नाही, मागच्याला दम निघत नाही, आणि दोघांचीही ओझी तुमच्या पोटऱ्यांवर आपटताहेत. कुणी वेताची टोपली आणलीय, कुणी रुमालात गाठोडं बांधलंय, कुणी वर्तमानपत्राच्या कपट्यांत नाण्यांच्या वळकट्या केल्यात. समोर संगमरवरी खांबांची इमारत दिसते ती अमेरिकेची टांकसाळ, १८३३ पासून इथेच आहे. रांग तिच्या आवारातून निघून पायऱ्या उतरून रस्त्यावर आलीय. तिकडे मेरठ पेटून दोन आठवडे झालेत, पण अटलांटिकच्या तळाशी अजून तार पडलेली नाही. इथे सगळ्यांच्या तोंडी एकच विषय आहे, नवा सेंट.

खिसा चाचपून बघा. हाताला येतेय ती स्पॅनिश चांदी. कुठल्याशा कार्लोस राजाचं नाक झिजून सपाट झालंय, पण नाणं चालतं. अमेरिकेला स्वतःचं नाणं पाडायला लागून साठ वर्षं उलटली, तरी पेठेत मेक्सिकोत पाडलेले रिआल अजून सर्रास फिरताहेत, आणि आत्ताआत्तापर्यंत कायद्यानेही चालत होते. डॉलरचे आठ रिआल, म्हणजे एक रिआल साडेबारा सेंटचा आणि अर्धा सव्वासहाचा. हे आकडे ओळखीचे वाटतात ना? वाटणारच. बरोबर शंभर वर्षांनी, १९५७ च्या एप्रिलपासून, आपल्याकडेही घराघरांत हीच डोकेफोड होणार आहे: आण्याचे नवे पैसे सव्वासहा, मग दुकानदाराने सहा धरायचे की सात? सोळांत वाटलेलं जुनं नाणं शंभरात बसवायला गेलं की पाव उरतोच, मग ते फिलाडेल्फिया असो की गिरगाव.

२१ फेब्रुवारीच्या कायद्याने ही परदेशी नाणी बाद ठरवली आहेत. पोस्टात दोन रिआलचे वीसच सेंट हातावर टेकवतात. इथे टांकसाळीत मात्र नवे सेंट घेणार असाल तर पुरते पंचवीस. लोकांना नवं नाणं घ्यायला लावण्याची ही युक्ती, आणि ती लागू पडलीय हे रांगेवरून दिसतंच आहे. गंमत म्हणजे साडेबारातला अर्धा चुकवायला जे नाणं लागतं, तो अर्धा सेंट याच कायद्याने मोडीत काढलाय. तेव्हा रिआल जोडीनेच द्या.

आवारात लाकडी खोपटं उभारलंय. त्याला दोन खिडक्या आणि दोन पाट्या: एक सेंटच्या बदल्यात सेंट, दुसरी चांदीच्या बदल्यात सेंट. आत तराजू, कारकून आणि पिशव्यांची थप्पी. तुमची चांदी वजनाला जाते, कारकून मान हलवतो, पाच डॉलरची पिशवी तुमच्याकडे सरकते. आत पाचशे सेंट आहेत, वजन सव्वादोन किलोच्या थोडं वर. तुम्ही रस्त्यावर पाऊल ठेवता न ठेवता तोच चारजण घेरतात. त्यांना रांगेत उभं राहायचं नाही. दर्शनी किमतीवर चार पैसे जास्त द्यायला तयार आहेत.

एक नाणं काढून उन्हात धरा. तांब्यात बारा टक्के निकेल आहे, म्हणून रंग तांबडा नाही, फिकट पिवळसर आहे. एका बाजूला गरुड पंख ताणून उडतोय, खाली १८५७. दुसऱ्या बाजूला पानाफुलांचं कडं. आता गरुडाचं डोकं आणि शेपटीचं टोक नीट बघा. नक्षी जरा बसकी वाटतेय? धातू कडक आहे, शिवाय गरुडाच्या या भागांच्या नेमकी पाठीमागे कड्याची जाड नक्षी येते. दोन्ही बाजूंना एकदम भरायला धातू पुरत नाही. याच दुखण्यापायी गरुड दोन वर्षांत जाईल आणि १८५९ पासून त्याच्या जागी पिसांचा मुकुट घातलेली बाई येईल, जिला लोक इंडियन म्हणतील.

गरुड देखणा आहे यात वाद नाही. पण संग्राहकाने या दिवशी त्याला भुलू नये असं माझं मत आहे. या एका वर्षात तो पावणेदोन कोटींच्या घरात पाडला जाणार आहे, आणि तुमच्या काळातही झिजलेला गरुड साधा नोकरदार हौसेने घेऊ शकतो. बघायचं ते खिडकीतून बाहेर येणाऱ्या पिशवीकडे नाही, आत जाणाऱ्या पोत्याकडे. पहिल्या खिडकीच्या रांगेत एक म्हातारा दुकानदार पोतं पायाशी ठेवून उभा आहे.

“यात काय बघताय?” तो विचारतो. “काळं पडलेलं तांबं आहे सगळं.”

“तारखा बघतोय.”

“तारखा? अहो, सेंट तो सेंट.”

तुम्ही त्याला सौदा सांगता: पाचशेला पाचशे, रांगही चुकेल. म्हातारा तुमच्या तोंडाकडे बघतो, मग गरुड मोजून घेतो. सगळे, दोनदा. आता उचला. जुने पाचशे सेंट साडेपाच किलोच्या आसपास भरतात. लोक या नाण्याला का कंटाळले ते खांद्याला कळेलच. आकार आपल्या जुन्या रुपयाच्या जवळपास, हाताला कळकट वास, आणि कायदेशीर चलन म्हणून ते घ्यायची कुणावर सक्तीही नाही. दक्षिणेत आणि पश्चिमेकडे दुकानदार त्याला हात लावत नाहीत. त्यात तांबं महागलं, तेव्हा सरकारलाही हा सेंट परवडेना.

पायऱ्यांच्या कडेला बसून निवडायला घ्या. वरवरचे बहुतेक गेल्या पंधरा-वीस वर्षांतले निघतील, ते बाजूला. १८१५ चा शोधू नका, त्या सालाचा सेंटच नाही. इंग्लंडशी युद्ध जुंपलं आणि तिकडून येणाऱ्या कोऱ्या चकत्या बंद झाल्या. होय, अमेरिकेच्या सेंटच्या चकत्या कित्येक वर्षं बर्मिंगहॅमहून, मॅथ्यू बोल्टनच्या सोहो कारखान्यातून येत. मुंबई इलाख्याचे १७९१ आणि १७९४ चे तांब्याचे पैसे पाडले गेले तेही त्याच सोहोत. साखळीचा सेंट मिळेल ही आशाही सोडा. १७९३ च्या मार्चमध्ये असे ३६,१०३ पाडले होते, पंधरा राज्यांच्या पंधरा कड्या. स्वातंत्र्याच्या देशाच्या नाण्यावर साखळी कशाला, म्हणून लोकांनी नावं ठेवली आणि ती गेली.

पण हा एक बघा. बाकीच्यांपेक्षा जाड आहे, हातात घेताच फरक कळतो. काठीवर टांगलेली टोपी, पाठीवर मोकळे केस, तारीख बोटाने चाचपली तर १७९४. आता नाणं उभं धरून कड फिरवा. कडेवर अक्षरं कोरलीत: डॉलरला शंभर. १७९५ मध्ये वजन उतरवलं, चकती पातळ झाली आणि ही अक्षरं गेली. कड बघायची सवय लावून घ्या, पुढचे-मागचे छाप तर सगळेच बघतात. आणि कृपा करून नाणं चिंचेने घासू नका. देवघरातल्या तांब्याचा न्याय इथे चालत नाही. त्या तपकिरी थरातच या नाण्याची निम्मी किंमत आहे. पुढे विल्यम शेल्डन नावाचा माणूस १९४९ मध्ये या जुन्या सेंटसाठी एक ते सत्तर अशी दर्जाची मोजपट्टी काढेल, आणि आज कुठलंही अमेरिकी नाणं त्याच पट्टीने मोजलं जातं.

याच शहरात जोसेफ मिकली राहतात. पियानो बनवतात, व्हायोलिनं दुरुस्त करतात. जन्म १७९९ चा, आणि जन्मसालाचा सेंट हवा म्हणून तरुणपणी शोध सुरू केला. नेमकं ते साल दुर्मिळांतलं दुर्मिळ निघालं, आणि गृहस्थ कायमचे नादावले. त्यांना आतापर्यंत लोक विक्षिप्त म्हणत असतील, पण आजपासून त्यांची जमात वाढणार आहे. लहानपणापासून हाताळलेला सेंट बंद होतोय म्हटल्यावर जो तो घरातले डबे उपडे करून एकेका सालाचा एकेक काढून ठेवायला लागतो. १ जानेवारी १८५८ ला फिलाडेल्फियात नाणेसंग्राहकांची संस्था निघते, त्याच वर्षी न्यूयॉर्कलाही. मिकलींच्या घरी १८६७ मध्ये मोठी चोरी होईल हे त्यांना सांगायचा मोह आवरा.

१८६२ वरून झटकन पुढे चला. यादवी युद्धात लोकांनी नाणी अशी दडवली की सुटे म्हणून पोस्टाची तिकिटं फिरू लागली. संग्राहकाचं तिथे काम नाही.

१९३६ मध्ये विस्कॉन्सिनातल्या एका स्वयंपाकघरात थांबा. मंदीचे दिवस आहेत. टेबलावर पुठ्ठ्याचा फळा आहे, त्यात ओळीने भोकं, प्रत्येक भोकाखाली साल. ही कल्पना इथल्याच नीना गावच्या जे. के. पोस्ट यांची, पुढे रसीन गावच्या व्हिटमन कंपनीने ती विकत घेतली. फळ्याला पंचवीस सेंट मोजले की बाकी खेळ फुकट. बँकेतून पन्नास सेंटचा रोल आणायचा, सगळ्यांनी मिळून तपासायचा, हवा तो काढून त्या जागी दुसरा घालायचा, रोल परत. कुणाचं काही जात नाही. तुमच्या वाट्याला आलेल्या ढिगात १९१४ चा निघाला तर तारखेखाली डी ही टांकसाळीची खूण आहे का बघा. पण १९०९ चं एक भोक बहुतेक फळ्यांवर रिकामंच राहणार आहे. त्या ऑगस्टमध्ये लिंकनचा सेंट आला, मागे तळाशी कलावंत व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची तीन आद्याक्षरं होती. ओरड झाली आणि काही दिवसांतच ती काढली. तोवर सॅन फ्रान्सिस्कोत ४,८४,००० पाडून झाले होते. टेबलाशी बसलेली पोरं गेल्या आठवड्यातही तोच शोधत होती.

आता परत या, पण घरी जाण्याआधी १२ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा फिलाडेल्फियात डोकवा. चलनासाठीचा शेवटचा सेंट आज पाडला जातोय. एक सेंट पाडायला २०२४ मध्ये ३.६९ सेंट पडत होते. १८५७ चंच रडगाणं. अखेरच्या काही नाण्यांवर ओमेगाची खूण करून त्यांचा लिलाव होणार आहे. तिकडे फिरकू नका. जन्मतःच दुर्मिळ म्हणून विकलं जाणारं नाणं घेण्यात कसली आलीय शोधाशोध?

त्यापेक्षा बँकेच्या खिडकीवर रोल मिळतोय का बघा, आणि मिळाला तर १९८२ चे सेंट वेगळे काढा. त्या वर्षी मधेच तांबं सोडून जस्त धरलं, म्हणून एकाच सालाचे काही ३.११ ग्रॅमचे आणि काही अडीचचे. डी खुणेचा, लहान तारखेचा, तांब्याचा १९८२ असू शकतो हे २०१६ पर्यंत कुणाला माहीतही नव्हतं. मग एकाला सापडला. सराफी काटा शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा असू द्या, आणि प्रत्येक नाणं एकेकटं ठेवून तोला.