आंबागडला जाताना पाणी

दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन आंबागड चढायचा बेत ठरतोय. आपल्याच भंडारा जिल्ह्यातला, तुमसर तालुक्यातला हा डोंगरी किल्ला. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या अमलात, १७०० च्या सुमारास राजा खान पठाणाने तो बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि तिथे कैदी ठेवू लागले. त्यांना आतल्या विहिरीचं सडकं पाणी पाजत आणि ते मरत, असं सांगतात.

वर्गात मी हे एका दमात सांगून पुढच्या धड्याकडे वळत असे. परवा सामानाची यादी करताना ‘माणशी दोन लिटर पाणी’ असं लिहिलं, तर नात म्हणाली, "आजोबा, त्यांना चांगलं पाणी कुणीच नेऊन दिलं नाही?"

उत्तर सुचलं नाही. गडाची तटबंदी तीच, विहीरही तीच. आत राहणाऱ्याला ती आसरा वाटावी की तुरुंग, हे बाहेरून पाणी आणता येतं की नाही यावरच ठरत असणार.

इतकी वर्षं शिकवलं, पण गड चढलो नाही. गुडघे कुरकुरताहेत, तरी यंदा ती विहीर बघायचीच. मंडळी, येताय का कुणी? पाणी मात्र आपापलं आणा.