काडेपेटी

काडेपेटी : ओढून पेटवायच्या काड्या आणि त्या ओढण्याची पट्टी एकत्र असलेली लहान पेटी. आगपेटी, माचिस ही तिचीच नावे. आज घरोघरी असते ती ‘सेफ्टी’ जातीची. तिची सगळी युक्ती एका वाटणीत आहे: पेटायला लागणारी द्रव्ये एका जागी ठेवलेलीच नाहीत. काडीच्या टोकाचा गुल पोटॅशियम क्लोरेट, गंधक, काचेची पूड आणि सरस यांचा. पेटीच्या कडेची तपकिरी पट्टी तांबड्या फॉस्फरसाची, त्यातही काचेची पूड. काडीवर फॉस्फरस मुळीच नसतो, हे आयुष्यभर काड्या ओढलेल्यांनाही बहुधा ठाऊक नसते.

काडी ओढली की घर्षणाच्या उष्णतेने पट्टीवरच्या तांबड्या फॉस्फरसाचा अगदी कणभर अंश पांढऱ्या फॉस्फरसात बदलतो आणि हवा लागताच पेट घेतो. त्या ठिणगीने गुलातले क्लोरेट ऑक्सिजन सोडते, गंधक जळते आणि नाकाला झोंबणारा तो ओळखीचा वास येतो. इथवरचा कारभार डोळ्याचे पाते लवायच्या आत होतो. ज्योत गुलावरून लाकडावर चढावी म्हणून काडीचे टोक आधी पॅराफिन मेणात बुडवलेले असते. विझलेल्या काडीच्या टोकाशी निखारा धुमसत राहू नये म्हणून लाकूड अमोनियम फॉस्फेटच्या पाण्यातून काढलेले असते. काडी फुंकून बेफिकीरपणे ओट्यावर टाकणारा माणूस या शेवटच्या संस्कारावर नकळत विसंबून असतो.

गुल काडीला धरून ठेवणारा सरस पूर्वापार जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढला जातो. म्हणजे एकादशीच्या निरांजनाची वात ज्या काडीने लागते ती काटेकोर शाकाहारी असेलच असे नाही; पण यावरून कोणी वाद घातल्याचे ऐकिवात नाही. पावसाळ्यात काडेपेटी सादळते त्यालाही बऱ्याच अंशी हा सरसच कारण. तो हवेतला ओलावा शोषतो, गुल मऊ पडतो आणि ओढताना भुगा होऊन गळतो. ओली पट्टीही खरवडून निघते. काडेपेटी चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवण्याची जुनी सवय त्यामुळे शहाणपणाचीच होती.

काडेपेटीपूर्वी आग पाडायला चकमक, गारगोटी आणि कापूस लागे. रोजच्या संसारात मात्र नवी आग पाडण्यापेक्षा जुनी राखण्याकडेच कल असे. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, आणि सकाळी ते विझलेले निघाले तर शेजारी विस्तव मागायला जायचे.

घासून पेटणारी पहिली विकाऊ काडी इंग्लंडमधल्या स्टॉकटन-ऑन-टीज गावच्या जॉन वॉकर या औषधविक्रेत्याची. तिचा शोध १८२६ सालचा. पहिल्या नोंदलेल्या विक्रीची तारीख त्याच्या खातेवहीत सापडते: ७ एप्रिल १८२७. शंभर काड्यांना एक शिलिंग, पत्र्याच्या नळीचे दोन पेनी वेगळे. या काड्यांवर अँटिमनी सल्फाइड आणि पोटॅशियम क्लोरेट असे, आणि काडी दुमडलेल्या पॉलिशपेपरात दाबून झटक्याने ओढावी लागे. वॉकरने पेटंट घेतले नाही. लंडनच्या सॅम्युअल जोन्सने तीच काडी ‘ल्युसिफर’ नावाने बाजारात आणली, आणि वॉकरपेक्षा हे नावच पुढे कित्येक वर्षे लोकांच्या तोंडी राहिले.

१८३० मध्ये फ्रान्सच्या शार्ल सोरियाने अँटिमनीच्या जागी पांढरा फॉस्फरस घातला. आता काडी भिंतीवर, बुटाच्या तळाला, कुठेही घासली तरी पेटू लागली. गिऱ्हाईक खूश झाले. किंमत मोजली ती काड्या करणाऱ्यांनी. फॉस्फरसाच्या वाफा किडक्या दातांतून जबड्यात शिरत. आधी दातदुखी, मग सूज आणि पू, मग जबड्याचे हाडच कुजत जाई. दुर्गंधीमुळे घरचेही जवळ बसेनासे होत. जबडा कापून काढणे हा एकच उपाय असे आणि तोही अनेकदा उशिरा होई. १८४० च्या दशकातच व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी हा रोग ओळखून त्याची नोंद केली होती.

यावरचा तोडगाही त्याच दशकातला. आग दोन जागी वाटून ठेवण्याची कल्पना स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश याची. पेटंट १८४४ चे. तिचा धंदा करून दाखवला तो यंशपिंग गावच्या लुंडस्ट्रोम बंधूंनी. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या काड्या जगापुढे आल्या आणि त्याच साली लंडनच्या ‘ब्रायंट अँड मे’ कंपनीने त्यांचे इंग्लंडपुरते हक्क घेतले. म्हणजे सुरक्षित काडी ज्या कंपनीच्या हातात होती तीच कंपनी पुढची कित्येक दशके पांढऱ्या फॉस्फरसाच्या काड्याही करत राहिली. त्या स्वस्त होत्या आणि पट्टी न शोधता पेटत, एवढेच कारण.

या कंपनीच्या पूर्व लंडनमधील बो येथील कारखान्यात चार-पाच शिलिंग आठवड्याला मिळवणाऱ्या मुली कामाला होत्या. उशीर झाला, बोलताना सापडल्या, पायाशी काड्या पडल्या, तर त्यातूनही दंड कापला जाई. २३ जून १८८८ रोजी एका साप्ताहिकात या कारखान्यावर जळजळीत लेख आला. लेखिका होत्या अ‍ॅनी बेझंट. मराठी वाचकाला त्या ठाऊक आहेत त्या थिऑसॉफीमुळे, टिळकांच्या बरोबरीने १९१६ साली होमरूल लीग काढल्यामुळे आणि १९१७ च्या काँग्रेस अध्यक्षपदामुळे. पण हिंदुस्थानात पाऊल टाकण्याच्या पाच वर्षे आधीच त्यांचे नाव काडेपेटीशी जोडले गेले होते. मालकांनी लेखातला मजकूर खोटा असल्याचे कामगारांकडून लिहून घेऊ पाहिले, मुलींनी नकार दिला, आणि एकीला कामावरून काढताच जुलैच्या सुरुवातीला सुमारे १,४०० जणी बाहेर पडल्या. हा संप बेझंटबाईंनी घडवला असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. मुली स्वतःहून बाहेर पडल्या. बाईंनी पैसा, प्रसिद्धी आणि संघटना यांचे बळ नंतर दिले. दंड बंद झाले आणि फॉस्फरसापासून दूर बसून जेवायला वेगळी खोली कबूल झाली. पांढरा फॉस्फरस मात्र या कारखान्यातून १९०१ साली गेला.

काही कायदे तर त्याहून रेंगाळले. फिनलंडने १८७२ मध्ये आणि डेन्मार्कने १८७४ मध्येच बंदी घातली होती. पण ब्रिटनचा कायदा १९०८ चा, हिंदुस्थानातला १९१३ चा. सुरक्षित काडी पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेल्यापासून पन्नासहून अधिक वर्षे जबडे कुजत राहिले, याला अज्ञानाची सबब चालणार नाही.

विसाव्या शतकात काडेपेटीने एक भलताच माणूस निर्माण केला. स्वीडनचा इव्हार क्रूगर याने १९१७ मध्ये ‘स्वीडिश मॅच’ ही कंपनी उभी केली आणि पैशांची चणचण असलेल्या सरकारांना कर्जे देऊन बदल्यात त्या त्या देशातील काडेपेटीचा मक्ता घेण्याचा सपाटा लावला. १९२९ मध्ये त्याने जर्मनीला साडेबारा कोटी डॉलर कबूल केले. जगातल्या बहुतांश काड्या या ना त्या वाटेने त्याच्याच ताब्यात होत्या. १२ मार्च १९३२ रोजी पॅरिसच्या फ्लॅटमध्ये तो गोळी लागून मेलेला सापडला. आत्महत्या अशी नोंद झाली. पाठोपाठ त्याच्या कागदपत्रांत इटली सरकारचे बनावट रोखे निघाले आणि अनेक देशांतले गुंतवणूकदार बुडाले. जर्मनीतला मक्ता मात्र हिटलर, महायुद्ध आणि फाळणी एवढे सगळे पचवून पश्चिम जर्मनीत १९८३ पर्यंत चालू राहिला. एका काडीवर तिसरी सिगारेट पेटवणे अशुभ, ही समजूत खप वाढवण्यासाठी क्रूगरनेच पसरवली असे सांगतात. गोष्ट झकास आहे, पण ती समजूत पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांत आधीच रूढ होती.

भारतात आधी परदेशी, मुख्यतः स्वीडन आणि जपानहून आलेल्या पेट्या खपत. स्वदेशी काडेपेटीची हौस जुनी, पण साधत नव्हती. आपल्या थोरल्या भावाच्या मंडळींनी केलेल्या अशा प्रयोगाची रवींद्रनाथ ठाकूरांनी आठवणींत थट्टा केली आहे: खर्च वर्षभराच्या सरपणाइतका, आणि काडी पेटवायला शेजारी आधीच आग हवी.

१९२२ मध्ये आयात पेट्यांवरची जकात ग्रोसला, म्हणजे बारा डझन पेट्यांना, दीड रुपया झाली आणि चित्र पालटले. जकातीची भिंत ओलांडता येईना तेव्हा स्वीडिश कंपनी भिंतीच्या आतच येऊन बसली. १९२३ मध्ये तिने वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विमको, काढली आणि तिचा कारखाना ठाणे जिल्ह्यात अंबरनाथला उभा राहिला. अंबरनाथ पश्चिमेला ‘विमको नाका’ अजून रिक्षावाल्याला सांगता येतो. चेन्नईत तर मेट्रोच्या स्थानकाला विमको नगर नाव आहे. काड्यांसाठी इथे काटेसावरीचे हलके, सरळ चिरणारे लाकूड वापरात आले. वसंतात पाने झाडून लाल फुलांनी डवरणारी ती हीच सावर.

याच सुमारास शिवकाशीचे अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे भाऊबंद कलकत्त्याला जाऊन हा धंदा शिकून आले. शिवकाशी-सातूर-कोविलपट्टीच्या पट्ट्यात पाऊस कमी, शेती बेभरवशाची. पण गुल वाळवायला कोरडी हवा उत्तम आणि हात स्वस्त. काड्या चौकटीत एकेक करून खोवायच्या, चौकट लगद्यात बुडवायची, पेट्या घरी चिकटवायच्या. यंत्रांच्या विमकोला या हातांनी मागे टाकले. त्यांत लहान मुलांचे हात किती होते हे पुढे देशभर गाजले, आणि १९८६ च्या बालकामगार कायद्यात मुलांना मनाई असलेल्या उद्योगांच्या यादीत काडेपेटीचे नाव आले.

काडेपेटीची चित्रे हा वेगळाच प्रांत. हिंदुस्थानी गिऱ्हाईक देवादिकांच्या चित्रावर भाळते हे ओळखून परदेशी कारखानदारांनी कृष्ण, लक्ष्मी, सरस्वती छापून पाठवायला सुरुवात केली. राजा रविवर्म्याची चित्रे तर पेट्यांवर सर्रास झळकली. त्याचा छापखाना आधी गिरगावात आणि १८९९ पासून लोणावळ्याजवळ मळवलीला होता, पण त्याच्या देवता त्याच्या छापखान्याच्या फार पलीकडे गेल्या. पुढे शिवकाशीने या यादीत चित्ता, जहाज, नट-नट्या, किल्ल्या, फुले, काय वाटेल ते घातले. या चित्रांचे संग्राहक जगभर आहेत, आणि वापरून फेकायच्या वस्तूवर इतकी मन लावून केलेली छपाई क्वचितच पाहायला मिळते.

किमतीच्या बाबतीत काडेपेटी अजब चिवट आहे. २००७ मध्ये ती पन्नास पैशांवरून एका रुपयावर आली आणि त्यानंतर थेट १ डिसेंबर २०२१ रोजी दोन रुपयांवर गेली. मधल्या चौदा वर्षांत गंधक, मेण, पुठ्ठा सगळे महागले.

तिचा सध्याचा प्रतिस्पर्धी म्हणजे प्लास्टिकचा स्वस्त लायटर. लायटर नवा आणि काडी जुनी असे वाटते. पण येनाच्या योहान डोबरायनर याने जस्त व आम्लापासून निघणारा हायड्रोजन प्लॅटिनमवर सोडून पेटणारा दिवा केला तो १८२३ साली, वॉकरच्या काडीच्या तीन वर्षे आधी. एक लायटर वीस काडेपेट्यांचा घास घेतो, असे तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी २०२२ मध्ये केंद्राला कळवले होते. जून २०२३ मध्ये वीस रुपयांहून कमी किमतीच्या सिगारेट लायटरच्या आयातीवर केंद्र सरकारने बंदी घातली.