मध आणि यकृतरक्षण : यादवकालीन वैद्यकपरंपरेच्या संदर्भात

चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेख खानदेशाच्या विद्यापरंपरेचा महत्त्वाचा पुरावा आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापन केलेल्या मठास यादवांचे मांडलिक निकुंभ सोइदेव यांनी इ. स. १२०७ मध्ये दान दिल्याचा उल्लेख त्यात आहे. हा लेख एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणणारे डॉ. भाऊ दाजी लाड हे स्वतः आधुनिक वैद्यकाचे पदवीधर होते.

पाटणचा मठ ज्योतिषाचा होता. यादवकालीन वैद्यकविचार समजून घेण्यासाठी मात्र देवगिरीच्या हेमाद्रीकडे वळावे लागते. तेराव्या शतकात त्याने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. या ग्रंथाच्या सूत्रस्थानात मधाचे गुण सांगताना तृष्णा, उचकी, कृमी, श्वास, खोकला, अतिसार आदींचा निर्देश येतो. कामला म्हणजे कावीळ त्या यादीत नाही. कामलेच्या चिकित्सेत मात्र त्रिफळा, गुळवेल, दारुहळद किंवा कडुनिंब यांचा रस सकाळी मधासह घेण्यास सांगितले आहे. ‘चरकसंहिते’तही हाच योग आढळतो. म्हणजेच येथे मुख्य औषध वनस्पती असून मध तिच्यासोबत योजिला आहे. ‘काविळीवर मध’ या लोकसमजुतीत हा भेद लोपलेला दिसतो.

आधुनिक संशोधनाने या विषयास नवी दिशा दिली. तुर्कस्तानातील संशोधकांनी २००८ मध्ये पित्तनलिका बांधलेल्या उंदरांना मध दिला असता यकृताची हानी कमी झाल्याचे नोंदविले. मधातील ऑक्सिडीकरणरोधक घटक याचे संभाव्य कारण होत. तथापि प्राण्यांवरील निष्कर्ष रुग्णांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. शिवाय मधात सुमारे ३८ टक्के फ्रुक्टोज असते आणि त्याचे अतिसेवन यकृतात मेद साठण्यास कारणीभूत ठरू शकते.

हा प्रश्न केवळ ग्रंथार्थाचा नाही. दिल्लीत १९५५-५६ मध्ये दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली. ती हिपॅटायटिस ई विषाणूची असल्याचे पुढे स्पष्ट झाले. हा आजार गर्भवतींना विशेष घातक ठरतो. अशा रुग्णास केवळ मधावर विसंबून ठेवल्यास तपासणीचा मोलाचा काळ वाया जातो.

सारांश, परंपरेने मधाला दिलेले स्थान साहाय्यकाचे आहे. ते तसेच मानणे ग्रंथाशी प्रामाणिक आणि रुग्णाच्या हिताचेही होय.